थांब, जोडते

हॅलो हे तिचं खरं नाव नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने उमेदीची सगळी वर्षं कानाला यंत्र लावून काढली, त्यामुळे घरात कुणी हाक मारली तरी तिच्या तोंडून आधी 'हॅलो'च निघायचं. मग आम्हीही तेच नाव चिकटवलं. तिचा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा दारात उभा राहून बिचारा म्हणाला, "हॅलो आँटी," आणि सगळे हसत सुटले. आपलं काय चुकलं ते त्याला जेवणं होईपर्यंत कळलं नव्हतं.

तिचा आवाज मात्र देवाने सवड काढून घडवलेला. आमच्या खेळाची ती सूत्रधार झाली ती त्या आवाजामुळेच. "पुढे जंगल आहे," एवढंच ती म्हणायची, आणि आमच्यातल्या केमिस्टच्या दुकानामागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधांच्या खोक्यांमध्ये बसून मला पायाखाली पाला वाजल्याचा भास व्हायचा.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर शनिवारी टेबलावर नकाशा पसरायचा. प्रत्येकाची एक पुतळी, बोटाच्या पेराएवढी, शिशाची. ती पुतळी म्हणजे तुमचं पात्र. सूत्रधार सांगणार, समोर नदी आहे, पलीकडे दिवे दिसताहेत, काय करता? आपण आपल्या मनाने सांगायचं, मी पोहून जाते, किंवा मी परत फिरते. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. साधेसुधे फासे आम्हीच टाकायचो, पण जगण्यामरण्याचा फासा हॅलो टाकायची, तिच्यासमोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्यामागे. पुढचे नकाशे, चोरवाटा, सगळं त्या पडद्याआड असायचं, म्हणून तो हवाच. आतल्या पत्र्याच्या ताटलीत फासा खडखडायचा आणि आमचे श्वास थांबायचे. आमच्या टेबलाचा एकच नियम होता, 'पडला तो पडला'. रडारड नाही, पुन्हा टाकणं नाही. केमिस्टची तीन पात्रं अशी गेली. तो दुकानात गिऱ्हाइकांना आणि घरी बायकोला घाबरायचा, पण त्याची पात्रं फार शूर, आणि शूर असल्यामुळे अल्पायुषी. वन्संची किती गेली त्याला गणतीच नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण नातं असं की 'अहो' म्हणावं लागलं आणि तेच तोंडात बसलं. त्यांनी लग्न केलं नाही. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून आम्ही एकाच छताखाली आहोत, अजूनही.

खेळाचा पहिला डबा आणला माझ्या नवऱ्याने. त्यांना सगळ्याच पुतळ्यांचं वेड. घरातल्या काचेच्या कपाटात त्यांचे यंत्रमानव होते, रांगेत, प्रत्येक जण आपापल्या बंद खोक्यात. खोकी ते कधीच उघडायचे नाहीत. "अहो, जीव गुदमरेल त्यांचा," मी म्हणायचे. "उघडलं की खेळणं होतं," ते म्हणायचे, "बंद आहे तोवर ते काहीही असू शकतं." मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. दिवसभर मेणकागदावर नकाशे गिरवून माझा हात असा स्थिर झाला होता की सगळ्यांच्या पुतळ्या रंगवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. एक केस उरलेल्या ब्रशने मी केमिस्टच्या सरदाराच्या मिशीला पीळ दिला होता.

माझी स्वतःची पुतळी नावाडीण. जाडजूड बाई, पदर खोचलेला, हातात वल्हं. ती पहिल्या शनिवारी नकाशावर उतरली आणि तिच्याभोवती पात्रं मरत गेली, पण ती टिकली. पुढे सगळा खेळच तिच्या नावेभोवती फिरायला लागला. नवं पात्र कुणीही आणलं तरी आधी माझ्या नावेत चढायचं. मला त्याचा किती अभिमान होता हे आता सांगायलाही जड जातं. ऑफिसात साहेब तिरकं बोलला की मी मनात म्हणायचे, बोल बाबा, तुझ्यासारखे मगरीच्या तोंडात गेलेले पाहिलेत मी.

दुसरा अभिमान माझ्या स्मरणशक्तीचा. कोण कुठल्या गुहेत काय बोललं, कुणाकडे किती बाण उरले, हे लिहून ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. "वही कशाला? वहिनी आहे ना," असं वन्सं म्हणायच्या आणि ते खरंच होतं. आजही मला सगळे शनिवार आठवतात. त्यातला एक सांगायलाच हवा.

त्या वर्षी हे गेले. झोपेतच गेले, काही बोलायला वाव न ठेवता. काही महिन्यांनी माझा थोरला भाऊ आला. त्याच्या बायकोची तब्येत तोळामासा, पदरात दोन लहान मुली, घराची वरची खोली रिकामी. "चल माझ्याकडे," तो म्हणाला, "आता इथे काय ठेवलंय तुझं?" तो दुसऱ्या गावी, दूर. जायचं म्हणजे नोकरी सोडायची, सगळंच सोडायचं. मन तिकडेही ओढत होतं, त्या दोन मुलींसाठी. इकडेही ओढत होतं. आणि ज्याला त्याला माझ्याबद्दल मत होतं. शेजारीण म्हणायची जा, साहेब म्हणायचा विचार करा, वन्सं तर काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत भाजी निवडायच्या. मला त्या सगळ्या मतांचा वीट आला होता.

एकदा कप विसळताना मी वन्संना म्हटलं, "शनिवारी माझी नावाडीण पुरात नाव घालणार आहे. पार झाली तर राहते मी. बुडाली तर भावाकडे जाते."

"असं कुणी ठरवतं का, वहिनी?"

"मी ठरवते," मी म्हटलं. "एक तरी गोष्ट अशी असू दे जिच्यात कुणाचा हात नाही."

वन्संनी तोच कप दोनदा पुसला.

शनिवारी मी पुरात नाव घातली. केमिस्ट म्हणाला, "बाई, वेड लागलंय का, अठराच्या वर हवाय." हॅलोने पडद्यामागे फासा टाकला. ताटलीत तो बराच वेळ फिरला. "थांब, जोडते," ती म्हणाली. हे तिचं एक्स्चेंजमधलं वाक्य, मधूनमधून सवयीने यायचंच. मग म्हणाली, "एकोणीस." केमिस्टने टेबलावर अशी थाप मारली की मागच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. वन्सं पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटलं, नावाडीण वाचली म्हणून.

मी राहिले. भावाने एक आया ठेवली. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, दिसल्या की 'आत्या' म्हणतात आणि पुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. भावाच्या शेवटच्या आजारात मी त्याच्याकडे गेले ती पाहुणी म्हणून. त्याच्या घरात चहाची पातेली कुठे असते ते मला विचारावं लागलं. पण मला कधी पश्चात्ताप झाला नाही. फासा पडला होता. पडला तो पडला.

आता त्या संमेलनाचं. हॅलोच्या नातीने आमच्या एका शनिवारचं रेकॉर्डिंग कुठेतरी टाकलं आणि तिचा तो आवाज शेकडो पोरांच्या कानात जाऊन बसला. मग बोलावणं आलं. या छंदांची माणसं वर्षातून एकदा जमतात त्या संमेलनात दुपारी हॅलोची मुलाखत, आणि तिच्यामागोमाग आम्हा चौघांचा खेळ, रंगमंचावर, लोकांसमोर. इतकी वर्षं एकच कथा खेळणारं टेबल दुसरं नाही म्हणे. वन्संनी नवी साडी काढली. केमिस्टने केस काळे केले आणि सगळ्यांना सांगितलं की केले नाहीत.

सकाळ फार सुंदर गेली, ते कबूल करायलाच हवं. भलं मोठं प्रदर्शनाचं सभागृह, गळ्यात आमच्या नावाची कार्डं. कुणी पंख लावलेलं, कुणी पुठ्ठ्याचं चिलखत घातलेलं. एक राक्षस रांगेत उभा राहून आईला फोनवर सांगत होता, "हो गं, डबा खाल्ला." पुतळ्यांच्या एका दुकानात काचेमागे आमच्या यांच्या कपाटातलाच एक यंत्रमानव होता, अगदी तोच, लाल छातीचा. मी म्हटलं, "हा आमच्या घरी आहे, बंद खोक्यात." दुकानदार मुलगी उभीच राहिली. "बंद? खरंच बंद? आजी, तुम्ही बसा ना," म्हणून तिने मला स्वतःची खुर्ची दिली. यांना कुणी एवढा मान कधी दिला नव्हता. माझे डोळे भरून आले.

मग मुलाखत. आम्ही तिघं पहिल्या रांगेत. हॅलो वर खुर्चीत ऐटीत बसलेली, समोर माईक, आणि आवाज तसाच, वयाने त्याला हातही लावला नव्हता. लोक हसत होते, टाळ्या देत होते. शेवटी प्रश्न घेतले तेव्हा पंखवाली एक मुलगी उठली. "आजी, आवडतं पात्र मरू नये म्हणून तुम्ही कधी खोटा फासा सांगितलाय?"

"बाळा, मग पडदा कशाला असतो?" हॅलो म्हणाली. सभागृह हसलं. तिला हसणं मिळालं की ती थांबत नाही, कधीच थांबली नाही. "आमच्याकडे एक नावाडीण आहे. तिला मी इतक्या वेळा पाण्यातून ओढून काढलंय की कुणीतरी मला पदक द्यायला हवं. खोटा आकडा सुचायला जरा वेळ लागतो ना, मग मी आपली फोनवरच्यासारखं म्हणायचे, थांब, जोडते. आमची नावाडीण बिचारी थांबायची."

मीही हसले. सगळे हसतात तेव्हा चेहरा आधी हसतो, समज मागून येते. मग मी केमिस्टकडे पाहिलं, तर तो आपल्या गळ्यातलं कार्ड वाचत होता. वन्संकडे पाहिलं. त्या पायातल्या चपलांकडे बघत होत्या. म्हणजे त्यांना हे नवं नव्हतं. दोघांनाही नव्हतं.

माझी स्मरणशक्ती मग आपणहून कामाला लागली. तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. दोरांच्या पुलावर, थांब, जोडते, सतरा. तुरुंगाच्या आगीत, थांब, जोडते, वीस. विषारी मधाच्या वेळी, मगरींच्या डोहात. केमिस्टचा सरदार कड्यावरून पडला तेव्हा मात्र हॅलोने ताटलीकडे पाहिलं आणि सरळ म्हणाली, "चार." वन्संची गाणारी मेली तेव्हाही सरळ, "दोन." इतरांना आकडा लगेच मिळायचा. थांबायला लावायची ती मलाच. त्या खोलीत इतकी वर्षं मी एकटी खेळत होते, आणि बाकीचे तिघं मला खेळवत होते.

आणि मग पूर आठवला.

मी उठून बाहेर आले. चहाच्या खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, तिथे बसले. थोड्या वेळाने हॅलो आली, हातात कुणी दिलेला गुच्छ, मागे वन्सं. केमिस्ट लांबच थांबला, आमच्या पिशव्या सांभाळत.

"अगं, अशी उठून काय आलीस?" हॅलो म्हणाली. "तुला लागलं का ते? मला वाटलं तुला केव्हाच कळलंय. इतकी हुशार तू. म्हटलं, हसशील."

"पुराच्या दिवशीसुद्धा?"

तिने गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. माझं उत्तर मला मिळालं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं. "त्या फाशावर काय आहे ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं."

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "मी एकटी पडले असते."

एवढंच. माझ्या भल्यासाठी केलं, असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला त्यांच्याशी भांडता आलं असतं. सत्तरी ओलांडलेली बाई, नव्या साडीत, आणि चेहरा तो कप पुसतानाचा.

"तू इथे काय दुःखात होतीस का?" हॅलोने विचारलं. ती आता जरा चिडली होती. चूक अंगाशी आली की ती चिडते. "नोकरी चांगली, आम्ही सगळे होतो. मजेत गेली ना वर्षं?"

"गेली."

"मग झालं तर."

"त्या दिवशी काय पडलं होतं, हॅलो?"

"काय?"

"फासा. ताटलीत. काय पडलं होतं?"

तिने गुच्छ खुर्चीवर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी पाहिलंच नाही गं. पडल्या पडल्या उचलून घेतला. पाहिला असता आणि दोन-तीन काही असतं तर माझ्याने एकोणीस म्हणवलं नसतं."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही."

"चांगलाही पडला असेल की," वन्सं घाईने म्हणाल्या. "वीससुद्धा असेल, वहिनी. कुणी सांगावं, तुम्ही आपणहूनच राहिल्या असाल."

मला सगळं आठवतं. त्या दिवशी हॅलोच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, खोक्यांवर कोणत्या औषधाचं नाव होतं, बाहेर कुणाची सायकल पडली, सगळं. माझं आयुष्य ज्याच्यावर टांगलं होतं तो एक आकडा तेवढा कुठेच नाही. माझ्याकडे नाही आणि तिच्याकडेही नाही. बुडाले असते तर बुडाले असते. भावाच्या वरच्या खोलीत राहिले असते आणि त्या मुलींना माझ्याशी बोलायला शब्द शोधावे लागले नसते. किंवा खरंच पार झाले असते, आणि मग हे उरलेलं सगळं माझं असतं. यातलं काय, ते विचारायलाही आता कुणी उरलं नाही.

केमिस्ट पिशव्या घेऊन जवळ आला. "बाई," तो म्हणाला, "मी एकदा बोललो होतो हॅलोला. नियम सगळ्यांना सारखा हवा म्हणून."

"आणि मग?"

"मग म्हणाली, तुम्ही गप्प बसा."

"आणि तुम्ही बसलात."

"बसलो," तो म्हणाला.

एवढ्यात आयोजकांची मुलगी धावत आली. हॉल भरलाय, लोक उभे आहेत, पाच मिनिटांत सुरू करायचं. हॅलो माझ्याकडे बघत होती. तिला भीती वाटत होती की मी नाही म्हणेन, आणि तिघांनाच खेळावं लागलं तर ती लोकांना काय सांगणार होती. मी उठले. तिकिटं काढून आलेल्या पोरांचा हिरमोड कशाला.

वर टेबल मांडलेलं होतं, डोक्यावर कॅमेरा, मागे मोठ्या पडद्यावर आमचा नकाशा दिसत होता. हॅलोने आपला पुठ्ठ्याचा पडदा उभा केला आणि आवाज लावला. नदी, धुकं, दोन्ही तीरांवर शत्रूच्या मशाली. लोक गप्प झाले. माझ्या नावेत केमिस्टचा नवा सरदार आणि वन्संची आंधळी वैदीण. मशाली जवळ येऊ लागल्या. "नावाडीण काय करते?" हॅलोने मला विचारलं, त्या आवाजात, आणि पडद्यामागे ताटलीत फासा उचलल्याचा आवाज आला.

"नाव काठाला लावते," मी म्हटलं.

"कुठल्या काठाला? दोन्हीकडे मशाली आहेत."

"तिच्या भावाचं गाव ज्या बाजूला आहे त्या. वल्हं नावेत ठेवते. उतरते, आणि चालायला लागते."

कुणीतरी टाळी वाजवली. हॅलो म्हणाली, "ते धोक्याचं आहे. मला टाकून बघावं लागेल."

"नाही," मी म्हटलं. "घरी जायला फासा लागत नाही."

मी हात पुढे करून माझी पुतळी नकाशावरून उचलली. मागच्या मोठ्या पडद्यावर माझा हात दिसला, केवढा तरी, आणि नावेतली नावाडिणीची जागा रिकामी झाल्याचं सगळ्यांना दिसलं. लोकांना वाटलं हे ठरवलेलं आहे. हॉल टाळ्यांनी दणाणला, पंखवाली मुलगी तर उभी राहून वाजवत होती. हॅलो पडद्यामागे फासा हातात धरून बसली होती.

वन्सं टाळ्या संपायची वाट बघत होत्या. मग माझ्याकडे वळून, वैदिणीच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात त्यांनी हळूच विचारलं, "मग आता नाव कोण चालवणार, वहिनी?"

"ते तुमचं तुम्ही बघा, वन्सं," मी म्हटलं.